झालं म्हणेपर्यंत हलायचं नाही

पेटता बोळा इष्णूच्या खांद्यावर पडला तेव्हा मी मान खाली घालून कॅमेऱ्याच्या काचेत बघत होते. काचेत तो मला सुपारीएवढा दिसत होता. त्याच्या खांद्यावर काहीतरी चमकलं. मला वाटलं उतरतं ऊन आहे. मी बटण दाबलं, आणि मग "झालं" म्हणायच्या ऐवजी म्हणाले, "आणखी एक." इष्णू उभा राहिला. दोन्ही हात वर, कागदी बलूनचं कडं धरलेलं, नजर माझ्याकडं. बाकीचे सात जण कडं सोडून पळाले, वरचा कागद भक्कन जळून गेला, बाया ओरडायला लागल्या, तरी तो उभाच. मी रीळ पुढं सरकवायची कळ फिरवत होते. मान वर केली ती कुणीतरी माझ्या दंडाला धरून हिसडलं म्हणून. तोवर त्याच्या शर्टाचा जाळ कानापर्यंत गेला होता.

इष्णू म्हणजे माझ्या आत्याचा मुलगा, अवसरी बुद्रुकचा. नाव विष्णू, पण आमच्या घरात त्याला तसं कुणी कधी म्हटलं नाही. आमच्याकडं मामाच्या मुलीवर आत्याच्या मुलाचा पहिला हक्क. मी पाळण्यात असल्यापासून आमची नावं जोडीनं घेतली जायची, आणि मोठी झाल्यावर मला ती तशी घेतलेली आवडायला लागली. हे लिहायला मला लाज वाटत नाही. लाजायचं वय गेलं आणि ज्यांच्यापुढं लाजायचं ती माणसंही गेली. मला इष्णू हवा होता. त्या जत्रेला आत्या येणार होती ती सुपारी फोडायचा दिवस ठरवायला. सगळं तिच्या होकारावर अडलेलं होतं, आणि तिचा होकार माझ्या गळ्यातल्या कॅमेऱ्यावर अडला होता.

कॅमेरा माझ्या गळ्यात आला त्याला कारण आण्णांचे डोळे. आण्णा म्हणजे माझे वडील. आळेफाट्याला त्यांचा फोटो स्टुडिओ होता, एका बाजूला गॅरेज आणि दुसऱ्या बाजूला मिसळीचं हॉटेल. आम्ही राहायचो पिंपळवंडीच्या अलीकडच्या एका वाडीत, आणि रोज सकाळी आण्णा मला सायकलवर पुढं बसवून फाट्यावर न्यायचे. मी चौथी शिकले. पुढची शाळा लांब होती आणि स्टुडिओत हात कमी होते, म्हणून आण्णांनी मला शाळेतून काढून पाण्याच्या बादलीत घातलं. बादलीत फोटो धुवायचे. एकेक फोटो दहा पाण्यांतून काढायचा, नाहीतर वर्षभरात तो पिवळा पडतो. हिवाळ्यात माझी बोटं म्हाताऱ्या बाईसारखी सुरकुतायची. आता ती कायमचीच तशी आहेत.

स्टुडिओत एक रंगवलेला पडदा होता, त्यावर तळं आणि बदकं. पुढं एक स्टूल. भिंतीला आरसा, आरशाला दोरीनं बांधलेला कंगवा, कारण सुटा कंगवा ट्रक ड्रायव्हर खिशात घालून न्यायचे. आतल्या खोलीत लाल बल्ब. त्या खोलीत औषधाच्या पाण्यात कोरा कागद सोडला की माणूस तळातून वर यावा तसा चेहरा यायचा. आधी केस, मग डोळे, अगदी शेवटी गाल. बाहेर गॅरेजवाल्याचा हातोडा, नाशिककडं जाणाऱ्या गाड्यांचे भोंगे, मिसळीच्या तर्रीचा ठसका, आणि आत औषधाचा आंबूस वास. लोकांना माहेर आठवतं म्हणजे आईचा पदर वगैरे आठवतो. आईच्या पदराला चुलीच्या धुराचा आणि रॉकेलचा वास यायचा. मला त्या लाल खोलीचा वास आठवतो, आणि अजून कधी भांड्याला लिंबू लावताना तसा वास आला की हात जागीच थांबतात.

आण्णांचा एकच कायदा होता. झालं म्हणेपर्यंत हलायचं नाही. तेव्हा फिल्म महाग, बारा फोटोंचं एक रीळ, आणि उजेड कमी असला की कॅमेऱ्याचं झाकण जरा जास्त वेळ उघडं ठेवावं लागायचं. तेवढ्यात कुणी पापणी लववली तरी फोटोत चार डोळे. म्हणून आण्णा आधी दम भरायचे आणि मग लोक असे उभे राहायचे जसे फौजदारापुढं. एकदा बेल्ह्याकडचे एक म्हातारबाबा श्वास धरून बसले. फोटो निघाला, आण्णा "झालं" म्हणायचं विसरून रीळ बदलायला आत गेले. बाहेर येतात तो बाबांचं तोंड वांग्यासारखं.

"आवं बाबा, श्वास घ्या की."

"तुमी कुटं म्हनलं?" बाबा म्हणाले. "घेऊ का आता?"

हे आम्ही वर्षभर घरात सांगून हसलो. इष्णू तर प्रत्येक वेळी नव्यानं हसायचा. तो मंचरच्या बाजाराला आला की मुद्दाम एसटी बदलून फाट्यावर यायचा, स्टुलावर बसायचा आणि म्हणायचा, "घेऊ का श्वास?" मी म्हणायचे, "नको घेऊ." तो खरंच घ्यायचा नाही. मी पाणी बदलून, फोटो दोरीला लावून येईपर्यंत नाक फुगवून बसायचा. तेवढीच आमची थट्टा. त्याच्यापेक्षा जास्त काही झालं नाही, हे आजच्या पोरींना खरं वाटणार नाही.

आण्णांच्या डोळ्यांत मोतीबिंदूचा सारा पडायला लागला तो आधी मलाच कळला. ते माणसाचं डोकं कापून फोटो काढायला लागले. मग मी शेजारी उभी राहून हळूच सांगायची, "आण्णा, जरा वर." पुढं पुढं कॅमेराच माझ्या हातात आला. तो वरून बघायचा कॅमेरा होता. छातीशी धरायचा, मान खाली घालून वरच्या काचेत बघायचं. काचेत डावं उजवीकडं आणि उजवं डावीकडं दिसतं. मला त्याची सवय झाली. गिऱ्हाइकाला वाटायचं आण्णाच फोटो काढतात आणि पोरगी नुसता कॅमेरा धरते. आत्याला मात्र ठाऊक होतं. ती आईला म्हणाली होती, "वहिनी, उद्या माज्या दारात कॅमेरा गळ्यात घालून हिंडली तर लोक इचारतील, सून आनली का वाजंत्री आनला." आईनं माझ्यासाठी भांडायचं सोडून मान हलवली. आईला भांडण जमायचं नाही.

बलूनची चाल आमच्या गावच्या जत्रेत फार जुनी. चैत्रात देवाची काठी नाचून झाली की चार वाड्या आपापला कागदी बलून सोडायच्या. पतंगाच्या कागदाचे ताव ज्वारीच्या पिठाच्या खळीनं एकाला एक चिकटवून दोन पुरुष उंचीची पिशवी करायची. तिच्या तोंडाला बांबूच्या कामट्यांचं कडं, कड्याला आडवी तार, तारेच्या मध्यावर रॉकेलात भिजवलेला चिंध्यांचा बोळा. खाली गवताची धुरी करून आधी पिशवी फुगवायची, मग बोळा पेटवायचा. आठ जण कडं धरून गोल उभे राहतात. बलून हाताला ओढ द्यायला लागला की म्होरक्या "सोडा" म्हणतो आणि सगळे एकदम हात काढतात. ज्या वाडीचा बलून लांब जाईल तिला पुढच्या वर्षी काठीचा पहिला मान. हे सगळं दिवेलागणीला, वारा पडल्यावर. त्याआधी कधीच नाही.

गेल्या थंडीत माझ्या नातीनं मला गाडीत घालून शहरातल्या लोकांचे मोठे बलून दाखवायला नेलं होतं. टोपलीत माणसं बसतात आणि वर जातात. गॅसचा जाळ दोनदा भस्सकन निघाला, दोन्ही वेळा मी मागं सरले आणि नात हसली. सगळ्यांच्या हातात मोबाइल. फोटो काढताना लोक बोलत होते, पोरं उड्या मारत होती, एकजण भेळ खात होता. कुणी स्थिर उभं राहिलं नाही आणि तरी फोटो सगळ्यांचे चांगले आले. मी नातीला म्हटलं, चल घरी, मला ऊन लागतंय. ऊन नव्हतं.

त्या वर्षी आमच्या वाडीच्या कोंडीबा नानांच्या डोक्यात आलं की बलूनचा फोटो काढून देवळात लावायचा. नाना वाडीचे म्होरके. आण्णा म्हणाले, दिवेलागणीला फोटो येणार नाही, उजेड पाहिजे. नानांनी विचार केला आणि म्हणाले, "मंग उनात सोडू. एका वर्साला काय व्हतंय." एवढ्यावर वाडीनं आपली जुनी चाल मोडली. कुणी हरकत घेतली नाही. फोटोचं तेव्हा असंच होतं. फोटोसाठी माणसं काहीही करायची.

जत्रेच्या सकाळी आई मासवड्या करत होती. आत्याला तिच्या हातच्या मासवड्या फार आवडायच्या. डाळीचं पीठ हाटून ओल्या फडक्यावर थापायचं, त्यावर भाजलेले तीळ, खोबरं, लसूण पसरायचा आणि फडक्यानंच गुंडाळी वळून तिला माशासारखी धार काढायची. तीळ तडतडत होते आणि आई मला दर थोड्या वेळानं सांगत होती, आज तरी साडी नीट नेस, आज तरी कॅमेरा आण्णांकडं दे. आत्या आणि इष्णू दुपारी आले. इष्णूनं जत्रेसाठी टेरिलीनचा शर्ट शिवला होता, फिका निळा. अवसरीत तेव्हा टेरिलीन दोघांतिघांकडंच असेल. आत्या जेवली, रस्सा भाकरीत कुस्करून दोनदा घेतला, आणि हात धुताना आण्णांना म्हणाली, "दादा, आजचा फोटू काढू दे तिला. शेवटचा. उद्या सकाळी दिस ठरवू, आन् मंग तो डबा तुजा तू सांबाळ."

आण्णांनी माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली. मला वाटलं सौदा चांगला आहे. शेवटचा फोटो काढायचा तर तो असा काढू की देवळात लागल्यावर आत्यालाही मान वर करून बघावा लागेल.

म्हणून मी खूप वेळ घेतला. ऊन माझ्या पाठीशी, म्हणजे मी पश्चिमेला. समोर बलून फुगून उभा, लाल आणि पिवळ्या पट्ट्यांचा. आठ जणांत इष्णूलाही नानांनी घेतलं होतं, पाव्हण्याचा मान म्हणून, आणि तो बरोबर माझ्यासमोर पलीकडच्या बाजूला होता. अडचण अशी की माझ्या बाजूच्या तिघांच्या पाठी दिसत होत्या. देवळात लावायच्या फोटोत पाठी कशा चालतील. मी त्यांना म्हटलं, तुम्ही तिघं बाजूला सरका, सगळ्यांची तोंडं दिसू द्या. ते सरकले. वारा पश्चिमेचा होता आणि त्या वाऱ्याला बलून पुढं झुकू नये म्हणून जे मागून ओढून धरत होते ते हेच तिघं. हे मला कळायला हवं होतं. नानांना कळायला हवं होतं. पण नाना तेव्हा फेटा नीट करत होते.

बोळा पेटवला. नाना म्हणाले, "पोरी, आवर, वढ द्यायला लागला."

मी म्हटलं, "हलू नका."

इष्णू ओठ न हलवता बोलला, "श्वास घेऊ का?"

"नको."

वारा आला. बलून पुढं कलला, बोळा झोका घेऊन कागदाला लागला आणि तारेवरून निसटला. पुढचं मी सुरुवातीलाच लिहिलं आहे.

नानांनी घोंगडी टाकून त्याला मातीत लोळवला. टेरिलीन नुसतं जळत नाही, वितळतं. ते त्याच्या मानेला डांबरासारखं चिकटलं होतं. फाट्याकडं निघालेला कांद्याचा ट्रक थांबवला आणि पोत्यांवर गोधडी टाकून त्याला नारायणगावच्या दवाखान्यात नेलं. आत्या ट्रकमध्ये वर चढली. मी चढायला गेले तर तिनं काही न बोलता फळी लावून घेतली. इष्णू ओरडत नव्हता. त्यानंच मला जास्त भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी आण्णा म्हणाले, रीळ धुऊ. मी नको म्हटलं. ते म्हणाले, धुतलं नाही तर आत काय आहे त्याचा विचार करत बसशील. लाल खोलीत आम्ही दोघं. आण्णांना दिसत नव्हतं, म्हणून मी कागद पाण्यात हलवत होते आणि ते बाजूला उभे राहून विचारत होते.

"काय दिसतं?"

"माणसं."

"किती?"

"आठ. सात पुसट हाईत. इष्णू लख्ख."

"सात पुसट कशानं?"

"हालली," मी म्हटलं.

आण्णा खाली बसले. तो फोटो मी काढलेल्या सगळ्या फोटोंत चांगला होता. इष्णूच्या कपाळावरचा घाम दिसत होता. खांद्यावर एक पांढरा डाग, बस. आणि त्याचं तोंड मिटलेलं, कारण मी श्वास नको म्हटलं होतं.

आठ दिवस इष्णूचा ताप उतरला नाही. डॉक्टर आण्णांना म्हणाले, आजचं उद्या सांगता येत नाही. आई देवापुढं बसून राहिली आणि चुलीवरचं दूध दोनदा उतू गेलं. मी आण्णांबरोबर नारायणगावला गेले तेव्हा आत्या दवाखान्याच्या पायरीवर बसली होती, त्याच जत्रेच्या लुगड्यात. मला बघून म्हणाली, "फोटू काढून झाला आसंल तर जा आता."

आतून इष्णूचा आवाज आला. आवाज काय, नुसती घरघर. "आई, कोन हाय गं?"

"कोन न्हाई," आत्या म्हणाली.

मी परत फिरले. आण्णांना मात्र तिनं आत सोडलं. परत येताना वाटेत सायकल ढकलत चालताना आण्णा म्हणाले, "इचारत व्हता, फोटू कसा आला."

"तुम्ही काय सांगितलं?"

"म्हनलं, लई चांगला आलाय."

नवव्या दिवशी ताप उतरला. महिन्याभरानं इष्णूला अवसरीला नेलं आणि त्यानंतर आत्या एकदा आमच्याकडं येऊन गेली. ओसरीवर टेकली, चहाला हात लावला नाही. आई म्हणाली, "वन्सं, पोरगी चुकली. कॅमेरा आमी ट्रंकंत घातलाय. आता तरी मनात ठिवू नका."

आत्या म्हणाली, "वहिनी, चूक व्हतीया मानसाच्या हातनं. त्येचं न्हाई. माजा ल्योक आंगावर जाळ पडला तरी उभा ऱ्हायला, का तर ही हलू नको म्हनली. मी पाच वर्सं सांगतीया, इष्ण्या, बिडी वढू नको, ती आजून सुटली न्हाई. आसली सून घरात आनली तर त्या घरात मला काय ऱ्हाईल, सांग."

आईनं गार झालेला चहा उचलून आत नेला. तेव्हा मी आत्याला मनात वाटेल तशा शिव्या दिल्या. पुढं मी स्वतः दोन सुनांची सासू झाले तेव्हा मला कळलं की ती खरं तेच बोलली होती. बहुतेक बाया ते बोलून दाखवत नाहीत, एवढंच.

मार्गशीर्षात माझं लग्न ओतूरच्या बाजूला झालं. नवरा चांगला होता. उगाच म्हणायचं म्हणून म्हणत नाही, खरंच चांगला होता. हात उगारला नाही, दारू घेतली नाही, आणि आजारपणात त्याचं सगळं मी केलं. पण चाळीस वर्षांत मी त्याला एखादी गोष्ट नको म्हटली आणि त्यानं ती केली नाही, असं एकदाही घडलं नाही. त्याची चूक नाही. माणसं तशीच असतात. मीच एकदा वेगळं बघून बसले होते.

देवळात तो फोटो लागला नाही. नानांनी तो हातातही घेतला नाही. आण्णांनी पाकिटात घालून स्टुडिओतल्या पेटीत ठेवला, आणि रस्ता रुंद करताना स्टुडिओ पडला तेव्हा पेटी कुणी उचलली ते कळलं नाही. मी विचारत फिरले होते, गॅरेजवाल्याकडं, हॉटेलवाल्याकडं. त्यांना वाटलं पेटीत दागिने असतील.

इष्णूला मी त्यानंतर एकदाच पाहिलं, आण्णांच्या दहाव्याला, नदीवर. डावा कान अर्धा, मान एका बाजूला ओढलेली, केस तेवढे अजून काळे. बायको बरोबर होती. ती भाताचे पिंड बघत होती. तो माझ्यापाशी आला.

"बरी हायेस का?"

"हाय. तू?"

"हाय की." मग जरा थांबून म्हणाला, "सोडायला नको व्हतं तू फोटू काढायचं."

कावळा शिवला आणि सगळे उठले.

बलूनचं कडं धरलेल्या आठ जणांपैकी सात जण एकेक करून गेले, आपापल्या दुखण्यानं. इष्णू आहे, अवसरीला, थोरल्या मुलाकडं. मी इथं आहे.